पोथी आणि पांढर

नेवाशाला प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचे टेकाड आहे. आपल्याकडे गावठाणाच्या जमिनीला पांढर म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला काळी. एकाच जागी शेकडो वर्षे घरे बांधली गेली, पडली आणि पुन्हा बांधली गेली, की भिंतींची माती, चुलीतली राख, शेण, खापरे यांचे थर साठत जातात आणि पांढरीचे टेकाड तयार होते. इस्राएल, जॉर्डन, इराक या देशांत अशाच टेकाडाला 'तेल' म्हणतात. नाव वेगळे, वस्तू तीच.

अशा टेकाडांविषयी शाळांतून बोलण्याचा प्रसंग आला की आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "खोदल्यावर पोथीतले खरे निघाले का?" अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात या प्रश्नाला जरा जास्तच धार असते. वर्गातल्या एका मुलाच्या घरी पोथी म्हणजे ज्ञानेश्वरी असते, दुसऱ्याच्या घरी रामायण, आणि तिसऱ्याच्या घरी बायबल. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केले. तेव्हापासून अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या गोष्टी या जिल्ह्यातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. शिक्षक जे उत्तर देतील ते या तिन्ही मुलांसमोर द्यायचे असते. एकाच्या पोथीला एक माप आणि दुसऱ्याच्या पोथीला दुसरे लावले, तर मुलांच्या ते ताबडतोब लक्षात येते, आणि मग विज्ञानाच्या तासावरचा त्यांचा विश्वास उडतो.

बायबलचा जुना करार, म्हणजे यहुदी लोकांचे हिब्रू भाषेतील धर्मग्रंथ, यांची कुदळीने जेवढी तपासणी झाली तेवढी जगातल्या फारच थोड्या ग्रंथांची झाली असेल. दीडशे वर्षांच्या त्या खटाटोपात चुकाही भरपूर झाल्या. म्हणून तो अनुभव आपल्या उपयोगाचा आहे. या विषयावरील तीन गाजलेल्या पुस्तकांच्या आधारे आम्ही येथे त्याचा विचार करणार आहोत. त्यांपैकी एक आपल्याच मातीतले आहे.

जुळले ते घेतले, न जुळले ते सोडले

पहिले पुस्तक जर्मन पत्रकार वेर्नर केलर यांचे. १९५५ साली निघालेल्या या पुस्तकाच्या जर्मन नावाचा अर्थ 'बायबल बरोबरच होते' असा आहे. त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली आणि लाखो प्रती खपल्या. पुस्तक अतिशय वाचनीय आहे. उत्खननात काय काय सापडले हे सामान्य वाचकाला त्यातून प्रथमच कळले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्याची रीत सदोष आहे.

उदाहरणार्थ, नोहाच्या काळचा महापूर. इराकमधील ऊर येथे लिओनार्ड वुली यांना १९२९ च्या सुमारास एका खोल खड्ड्यात सुमारे तीन मीटर जाडीचा स्वच्छ गाळाचा थर लागला. त्याच्या खाली पुन्हा माणसांच्या वस्तीच्या खुणा होत्या. वुली यांनी हाच तो महापूर असे म्हटले, आणि केलर यांच्या पुस्तकात या थराला मानाची जागा मिळाली. परंतु ऊरच्याच सगळ्या खड्ड्यांत हा थर नाही. कीश आणि शुरुप्पाक येथेही पुराचे थर मिळाले, पण त्यांचे काळ निराळे आहेत. नदीकाठच्या गावाला पूर येतात, एवढेच त्यावरून सिद्ध होते. पानशेतच्या १९६१ च्या पुराचा गाळ पुण्यात मुठेकाठी सापडेल. त्यावरून नगरही त्या दिवशी बुडाले होते असे कोणी म्हणणार नाही. सगळे जग बुडवणाऱ्या पुराचा थर सगळीकडे आणि एकाच काळाचा मिळायला हवा. ही कसोटी आधी ठरवायची असते. केलर यांनी ती ठरवलीच नाही.

यरीहोचा तट

सर्वांत बोधप्रद उदाहरण यरीहोचे आहे. यहोशवाच्या पुस्तकात अशी कथा आहे की इस्राएली लोकांनी सात दिवस शहराला फेरे घातले, शिंगे फुंकली, मोठा जयघोष केला आणि तट कोसळला. जॉन गार्स्टँग यांनी १९३० ते १९३६ या काळात यरीहोचे टेकाड खोदले. त्यांना खरोखरच कोसळलेला, जळालेला तट सापडला. त्यांनी तो इ.स.पू. १४०० च्या सुमाराचा, म्हणजे यहोशवाच्या काळचा ठरवला. वर्तमानपत्रांना आणखी काय हवे होते?

पुढे कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तेच टेकाड पुन्हा खोदले. प्रत्येक थराची कड सरळ कापायची, ती नीट रेखाटायची, आणि प्रत्येक खापर नेमके कोणत्या थरातले ते लिहून ठेवायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यातून दिसले, की गार्स्टँग यांचा तट यहोशवाच्या मानलेल्या काळापेक्षा सुमारे एक हजार वर्षे जुना आहे. त्यानंतरचे एक तटबंदीचे शहर इ.स.पू. १५५० च्या सुमारास जळाले होते. कथेप्रमाणे ज्या काळात तट पडायला हवा, त्या काळात तेथे फार तर एक लहानशी वस्ती होती. तटबंदीचे शहर नव्हते.

गार्स्टँग यांची चूक आळसाची नव्हती. त्यांनी पोथीवरून थराचा काळ ठरवला आणि मग त्या थराने पोथी सिद्ध केली. विद्यार्थ्याने उत्तराच्या पानावरून उत्तर घ्यावे आणि मग ते त्याच पानाशी ताडून "बरोबर आले" म्हणावे, तसा हा प्रकार झाला.

कार्बनचे घड्याळ आणि त्याची खोड

थराचा काळ पोथीशिवाय ठरवण्याचे साधन म्हणजे कार्बन-१४. सजीव प्राणी वा वनस्पती मेली की तिच्यातला हा किरणोत्सारी कार्बन ५७३० वर्षांत निम्मा होतो. यरीहोच्या जळालेल्या शहरातील घरांत धान्याने भरलेले रांजण होते, आणि केन्यन यांनी ते कोळसा झालेले धान्य जपून ठेवले होते. नेदरलँड्‌समधील ब्रॉइन्स आणि व्हान डर प्लिख्ट यांनी त्याचे मापन १९९५ साली प्रसिद्ध केले. धान्याचे कार्बन-वय ३३०६ वर्षे आले. त्याच विध्वंसाच्या थरातल्या लाकडी कोळशाचे वय मात्र ३३७० आले.

शिक्षकांनी हे दोन आकडे फळ्यावर जरूर लिहावेत. चौसष्ट वर्षांचा फरक का? धान्य ज्या हंगामात पिकले त्याच्या आसपासच जळाले. तुळई मात्र झाड तोडल्यावर कित्येक वर्षे घरात राहते, आणि झाडाच्या गाभ्यातले लाकूड तर त्याहूनही जुने असते. जुना वाडा पाडून त्याचे सागवान नव्या घराला वापरतात, हे आपण पाहतोच. त्या तुळईवरून घराचे वय काढले तर चुकणार.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे. कार्बन-वय १९५० सालापासून मागे मोजतात. ३३०६ मधून १९५० वजा केले तर इ.स.पू. १३५६ हे साल येते. यहोशवाच्या समर्थकाला वाटेल, जमले! पण हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सगळ्या काळात सारखे नव्हते. म्हणून झाडांची वार्षिक वर्तुळे मोजून केलेल्या तक्त्यावरून हे वय दुरुस्त करावे लागते. तशी दुरुस्ती केल्यावर उत्तर येते इ.स.पू. सोळाव्या शतकातले. केन्यन यांनी खापरांवरून जो अंदाज केला होता त्याच्याशी ते जुळते. दोन स्वतंत्र वाटांनी आपण एकाच ठिकाणी पोचलो, म्हणून ते विश्वासार्ह मानायचे.

मग यहोशवाची कथा आली कोठून? लोक जुने पडीक अवशेष पाहतात आणि आपल्याला ठाऊक असलेल्या थोर कथेशी ते जोडतात, असे एक उत्तर दिले जाते. ते आपल्याला परके वाटू नये. नाशिकजवळची लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. सातवाहन आणि क्षत्रप दात्यांची नावे त्यांच्या भिंतींवर लिहिलेली आहेत. तरी लोकांच्या तोंडी ती पांडवलेणीच आहेत.

जेथे पोथी उतरते

येथवर वाचून कोणी म्हणेल, की म्हणजे सगळे खोटेच. हा निष्कर्षही तितकाच घाईचा आहे.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिले आहे, की हिज्कीया राजाच्या काळी अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदाच्या तटबंदीच्या नगरांवर स्वारी केली, तो लाखीशला होता आणि हिज्कीयाने त्याला खंडणी दिली. हे साल इ.स.पू. ७०१. निनवे येथे सन्हेरीबाच्या राजवाड्यात लाखीशच्या वेढ्याची कोरीव चित्रे सापडली. नगराचे नावही त्यांवर लिहिलेले आहे. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लाखीशच्या टेकाडावर डेव्हिड उसिश्किन यांच्या उत्खननात वेढा घालणाऱ्यांनी रचलेला दगडांचा चढ, शेकडो बाणाग्रे आणि गोफणीचे धोंडे मिळाले. सन्हेरीबाचा स्वतःचा वृत्तान्तही उपलब्ध आहे. खंडणीचे सोने दोन्हींकडे तीस किक्कार आहे. चांदी मात्र बायबलमध्ये तीनशे किक्कार आणि अश्शूरी लेखात आठशे. हरलेला कमी सांगतो की जिंकलेला वाढवून सांगतो, की मोजण्याची मापेच वेगळी होती, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल. पण शत्रूच्या दप्तरात आणि आपल्या पोथीत तीच घटना नोंदलेली असावी, याहून भक्कम साक्ष इतिहासात क्वचितच मिळते.

यरुशलेम पडले नाही, याबद्दलही दोन्ही बाजूंचे एकमत आहे. पोथी म्हणते, देवदूताने एका रात्रीत १,८५,००० सैनिक मारले. सन्हेरीब याविषयी काही बोलत नाही. येथे कुदळ थांबते. वेढा पडला होता का, हे माती सांगू शकते. तो का उठला, हे तिला विचारून उपयोग नाही.

तेल दान येथे १९९३ साली सापडलेल्या शिलालेखाचेही असेच. इ.स.पू. नवव्या शतकातील या लेखात एका परक्या राजाने 'दावीदाचे घराणे' असा उल्लेख केल्याचे बहुतेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे दावीद नावाचा मूळपुरुष मानणारे राजघराणे होते, हे सर्वसाधारणपणे मान्य करावे लागते. गल्याथाशी झालेल्या द्वंद्वयुद्धाची गोष्ट मात्र त्या दगडाने सिद्ध होत नाही.

दुसरे पुस्तक इस्राएल फिंकेलस्टाइन आणि नील सिल्बरमन यांचे, २००१ साली प्रसिद्ध झालेले. पोथी बाजूला ठेवून आधी थर वाचायचे आणि मग पोथीकडे वळायचे, अशी त्यांची भूमिका आहे. पद्धतीच्या दृष्टीने ते केलर यांच्यापेक्षा कितीतरी सरस आहे. पण आमचा एक आक्षेप आहे. जुन्या करारातील बराचसा इतिहास इ.स.पू. सातव्या शतकात योशीया राजाच्या दरबारात रचला गेला, हे अनुमान त्यांनी इतक्या आत्मविश्वासाने मांडले आहे, की वाचकाला तेही उत्खननात सापडले असे वाटावे. ते सापडलेले नाही, तर्काने काढलेले आहे. फिंकेलस्टाइन यांच्या कालगणनेवर त्यांच्याच देशातील अमिहाई मझार यांच्यासारख्या उत्खननकारांनी कार्बनच्या मापनांनिशी आक्षेप घेतले आणि दोघांचीही मते पुढे काहीशी जवळ आली. शास्त्र असेच चालते. पण जुन्या कथेला दिलेली कसोटी नव्या कथेलाही लावायला हवी.

उंट आणि अंगठी

तिसरे पुस्तक आपल्याकडचे. नेवाशाचे उत्खनन ज्यांनी केले, ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९७३ साली 'रामायण : मिथक की वास्तव?' अशा अर्थाच्या नावाचे एक छोटे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यातील एक युक्तिवाद फार शिकण्यासारखा आहे. हनुमान सीतेला रामाचे नाव कोरलेली अंगठी देतो. अंगठीवर नाव कोरण्याची रीत भारतात बरीच उशिरा, ग्रीकांशी संबंध आल्यानंतरच्या काळात दिसते. म्हणून हा तपशील मूळ कथेत नंतर आला असावा, असे सांकलियांनी म्हटले.

बायबलच्या अभ्यासात याला जुळणारे उदाहरण उंटाचे आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाकडे उंट आहेत. तेल अवीव विद्यापीठातील सापिर-हेन आणि बेन-योसेफ यांनी २०१३ साली अरावा खोऱ्यातील तांबे गाळण्याच्या ठिकाणांवरील हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे ओझ्याचे उंट इ.स.पू. दहाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतात. अब्राहामाचा मानलेला काळ याच्या कित्येक शतके आधीचा आहे. अरबस्तानात उंट त्याआधी माणसाळला असेलही, पण या प्रदेशात तो नेहमीचा झाला तो नंतर.

आता नीट लक्षात घ्यायचे ते असे. उंटावरून अब्राहाम नव्हता असे ठरत नाही, आणि अंगठीवरून राम नव्हता असे ठरत नाही. या खुणा घटनेचा काळ सांगत नाहीत. आज हाती असलेल्या शब्दांत ती गोष्ट कधी सांगितली गेली, याचा काळ त्या सांगतात. जात्यावरच्या ओवीत रामाच्या घरी आगगाडी आली, तर ती ओवी आगगाडीनंतरची, एवढेच म्हणता येते.

सांकलियांच्या पुस्तकाचा दुसरा भाग आम्हांला पटत नाही. लंका मध्य भारतात होती, हे त्यांनी झाडे, डोंगर आणि लोकसमूह यांच्या वर्णनांवरून सुचवले. तेथे खोदून तपासलेला एकही थर त्यामागे नाही. नेवाशाला खापर दाखवल्याशिवाय एक वाक्यही न लिहिणारा संशोधक येथे वर्णनांवर विसंबला. पोथीची ओढ एवढी मोठी असते.

नेवाशाचे टेकाड काय सांगते?

आता आपण घरी येऊ. १९५४ ते १९५६ या काळातील नेवाशाच्या उत्खननाचा अहवाल १९६० साली निघाला. त्याच्या नावाचा अर्थ 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' असा आहे, आणि खोदणाऱ्याचा प्रवास तसाच असतो. वर मध्ययुगीन वस्ती, तिच्याखाली रोमन व्यापाराच्या खुणा, मग सातवाहन काळ, त्याखाली संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावाचे नाव मिळालेली ताम्रपाषाणयुगीन संस्कृती, आणि नदीच्या जुन्या भरड्यात आदिमानवाची दगडी हत्यारे. नेवाशाला मोहिनीराजाचे देऊळ आहे. देवांना अमृत येथेच वाटले गेले, असे माहात्म्य सांगतात आणि राहुरीचे नाव राहूशी जोडतात. जोर्वेच्या थरात तांबड्या मडक्यांवर काळी नक्षी आहे, लहान मुलांची मडक्यांत केलेली दफने आहेत. वाचता येईल असे एकही अक्षर नाही. त्या लोकांना कोणत्याही पुराणातले नाव चिकटवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव ताम्र-शिल्पे मिळाली. वजन साठ किलोंहून जास्त. ती एका रहिवाशाला खणताना मिळाली, उत्खननातील थरात नव्हे. म्हणून पुढे तेथे पद्धतशीर उत्खनन होऊनही त्यांच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले. वस्तू कितीही मोलाची असो, तिचा थर हरवला की तिची अर्धी साक्ष गेली.

आणि शेवटी पैस खांब. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. खांबावर कोरलेला लेख करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. त्यात ज्ञानेश्वरांचे नाव नाही. लेखावरून तेथे दिव्याची सोय असलेले देऊळ होते हे कळते, टेकण्याची गोष्ट कळत नाही. उलट ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, हे साल आणि यादव राजा रामचंद्र याचा उल्लेख येतो. रामचंद्र यादव पंढरपूरच्या शिलालेखांतूनही स्वतंत्रपणे भेटतो. तेथे पोथीला शिळेची साक्ष मिळते. लाखीशला लावले तेच माप आपण येथे लावले. एक गोष्ट उतरली, एक मोकळी राहिली. मोकळी राहिली म्हणजे खोटी ठरली असे नाही. कुदळीने ती ठरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वर्गासाठी चार प्रश्न

"उत्खननाने सिद्ध झाले" किंवा "उत्खननाने खोटे ठरले" असे कोठेही वाचनात आले, तर मुलांना हे चार प्रश्न विचारायला शिकवावे. पोथीतले नेमके कोणते विधान तपासले? थराचा काळ पोथीवरून ठरवला की स्वतंत्रपणे? काय सापडले असते तर ते विधान चुकीचे ठरले असते? आणि हीच कसोटी आपल्या घरच्या पोथीला लावायची आपली तयारी आहे का?

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. म्हणून तो शिक्षकांनी आधी स्वतःला विचारावा. पहिल्या तिघांचा सराव मात्र गावाच्या पांढरीवरही होऊ शकेल. पावसाळ्यानंतर ओढ्याने कापलेली कड मुलांना दाखवावी, थर मोजायला सांगावेत, त्यांचे चित्र काढून घ्यावे. खापर दिसले तर ते उचलू देऊ नये, त्याची जागा वहीत लिहून घ्यावी. ते जेथे आहे तेथेच असेपर्यंत बोलते.